मेसेजचा कोड बंद करण्याआधी

पनवेल स्टेशनबाहेरची मोबाइलची दुकाने, नवीन पनवेलमधली झेरॉक्सची दुकाने, कामोठे-खारघरमधले संगणकाचे क्लास, इथे एक मागणी वारंवार ऐकू येते: ‘जीमेल उघडताना मेसेजवर कोड मागतो, तेवढं बंद करून द्या.’ मागणी सगळ्यांची एकच, अडचणी मात्र निरनिराळ्या. कुणाचा जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडलेला असतो. कुणी जहाजावर निघालेला असतो आणि पुढचे कित्येक महिने भर समुद्रात त्याला भारतातला मेसेज मिळणार नसतो. कुणा विद्यार्थिनीचा ईमेल शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी घाईघाईत उघडलेला असतो आणि नंबर दिलेला असतो मामाचा. कुणी वाचलेले असते की मेसेजवरचा कोड चोरता येतो. दुकानदार चौघांनाही तेच करून देतो. सेटिंगमध्ये जातो आणि पडताळणी सरसकट बंद करतो. गैरसोय तेवढ्यापुरती संपते आणि खाते फक्त पासवर्डच्या भरवशावर उरते. मला हा उपाय धोक्याचा वाटतो. बंद करायचा तो मेसेज. पडताळणी चालूच राहिली पाहिजे. आणि मेसेज बंद करण्याआधी खात्यात शिरायचे दुसरे दोन मार्ग हाताशी हवेत.

‘मी तर हे कधी चालू केलंच नव्हतं,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते बहुधा खरेच असते. गुगलने सर्वसामान्य खातेदारांना ही दोन टप्प्यांची पडताळणी फेब्रुवारी २०११मध्ये दिली. पुढची दहा वर्षे ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर होती. २०२१मध्ये कंपनीने ज्यांच्या खात्यावर फोन नंबर वगैरे तपशील आधीच होते त्यांच्यासाठी ती आपणहून सुरू करायला घेतली. फेब्रुवारी २०२२पर्यंत अशी १५ कोटींहून अधिक खाती झाली होती आणि त्या खात्यांच्या चोऱ्या निम्म्यावर आल्याचे कंपनीने जाहीर केले. पूर्वी कधीतरी नंबर टाकून विसरलेल्या माणसापुढे एके दिवशी अचानक कोडचा चौकोन आला, तो असा.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच निघतो. एक असतो दुसरा टप्पा. पासवर्ड बरोबर टाकल्यावर मागितला जाणारा कोड तो हा. दुसरी गोष्ट रिकव्हरी फोन. पासवर्ड विसरला, खाते हातचे गेले, तर ओळख पटवण्यासाठी दिलेला हा नंबर. तिसरी गोष्ट कुठल्याच यादीत दिसत नाही. नव्या फोनवरून, अनोळखी शहरातून खाते उघडले की गुगलला शंका येते आणि ते त्या वेळेपुरती पडताळणी मागते. दुसरा टप्पा बंद केला तरी उरलेल्या दोन गोष्टी जागेवरच राहतात. म्हणूनच ‘बंद केलं तरी कोड येतोच आहे’ ही तक्रार घेऊन माणूस आठवडाभरात पुन्हा त्याच दुकानात उभा असतो. जहाजावर गेलेल्याची तर यात फारच कोंडी होते. दुसरा टप्पा बंद करून तो निघतो, परदेशी बंदरावर वेगळ्याच संगणकावरून खाते उघडू पाहतो, आणि तिथे शंकेपोटी मागितलेला कोड जातो पनवेलच्या घरी कपाटात ठेवलेल्या सिमकार्डावर.

आता मेसेजच्या भरवशाचे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ला ब्रिटनमध्ये गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. ही सोय निरोपासाठी उभी राहिली. किल्ल्या पोहोचवायचे काम तिच्यावर नंतर आले. जगभरच्या टेलिफोन कंपन्या एकमेकींशी ज्या जुन्या संकेतप्रणालीने बोलतात, त्या एसएस-७मध्ये समोरची कंपनी प्रामाणिकच असणार असे गृहीत धरलेले आहे. २०१७च्या आरंभी जर्मनीत चोरांनी याच फटीतून ओटू-टेलिफोनिका कंपनीच्या ग्राहकांचे बँकेचे कोड वाटेतच वळवले आणि खाती रिकामी केली. त्याआधी वर्षभर, २०१६मध्ये, अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, मेसेजवरच्या कोडपासून दूर जाण्याची सूचना मसुद्यात केली होती; २०१७च्या अंतिम मार्गदर्शकात तिने या पद्धतीला ‘मर्यादित’ गटात टाकले.

एसएस-७चा हल्ला करायला जाण आणि साधने लागतात. आपल्याकडचा चोर बहुधा इतका खटाटोप करत नाही. तो सिमकार्डच बदलून घेतो. डिसेंबर २०१८च्या शेवटी मुंबईत माहीमच्या एका कापड व्यावसायिकाच्या फोनवर रात्री लागोपाठ मिस्ड कॉल आले. सकाळी फोनला नेटवर्क नव्हते. त्यांच्या नंबरचे नवे सिम दुसऱ्याच्या हातात चालू झाले होते आणि बँकेतून १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेले होते. बड्यांचीही सुटका झालेली नाही. ऑगस्ट २०१९मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच ट्विटर खात्यावरून चोरांनी मजकूर टाकला, तोही त्यांच्या फोन नंबरचा ताबा मिळवून. त्याच्या वर्षभर आधी रेडिट कंपनीने कबूल केले होते की तिच्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांना मेसेजच्या कोडचे संरक्षण होते आणि तो कोडच मधल्यामध्ये पकडला गेला.

याहून साधे मार्ग आहेत आणि पनवेलच्या माणसाला त्यांचाच धोका जास्त. व्हॉट्सअॅपवर ‘चलन भरा’ किंवा ‘अनुदानाची यादी’ अशा नावाची एपीके फाइल येते. ती बसवताना ती मेसेज वाचायची परवानगी मागते, आपण ‘अलाऊ’ दाबतो आणि पुढचा प्रत्येक कोड आपल्याबरोबर चोरालाही दिसतो. दुसरा मार्ग कॉल वळवण्याचा. कुरिअर अडकले आहे असे सांगून *४०१# पासून सुरू होणारा आकडा डायल करायला लावला, की कॉल दुसरीकडे वळले आणि फोनवरून बोलून सांगितला जाणारा कोडही चोराच्या कानी पडला. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून अशा रीतीने कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितले, ते यामुळेच. तिसरा मार्ग सगळ्यांत जुना: फोन करायचा, गोड बोलायचे, कोड विचारून घ्यायचा.

नंबर मुळात आपला नसतो, हा मुद्दा मात्र पुरेसा बोलला जात नाही. कंपनीने तो आपल्याला वापरायला दिलेला असतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३च्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस मुळीच वापरला नाही तर तो बंद करता येतो. शिलकीत २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, हे ट्रायने सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले आणि नोव्हेंबर २०२३मध्ये न्यायालयाने ग्राहकांनाच सांगितले की नंबर सोडताना आपली माहिती आपणच काढून घ्यावी. पनवेलसारख्या गावात याचा अर्थ गंभीर होतो. इथे एक्स्प्रेस-वे आहे, कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे जंक्शन आहे, तळोज्याचे कारखाने आहेत, आता विमानतळ आहे. भाड्याने राहायला येणारे, काम संपले की निघणारे, रिचार्ज महागला म्हणून दुसरे सिम सोडून देणारे लोक असंख्य. सोडलेला नंबर अजून जुन्या ईमेलला जोडलेला असेल तर त्या खात्याची किल्ली कुण्या अनोळखी माणसाच्या खिशात पडते. त्याच्या मनात काही वाईट नसले तरी आपला कोड त्याच्याकडे जातो आणि आपण बाहेर राहतो.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. नोव्हेंबर २०२२पासून सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा आदेश आहे. १ जुलै २०२४पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. मे २०२३मध्ये आलेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येते, आणि ते प्रत्येकाने एकदा पाहावेच. हे उपाय चांगले आहेत. पण ते चोराला वेळ लावतात. मेसेजची मूळ दुर्बळता तशीच राहते.

एवढे वाचून कुणी आजच सगळी पडताळणी बंद करायला निघेल. त्याला थांबवायला एक आकडा पुरेसा आहे. मे २०१९मध्ये गुगलने न्यूयॉर्क आणि सॅन दिएगो इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नुसत्या मेसेजच्या कोडनेही यंत्रवत चालणारे सगळे हल्ले अडले, सरसकट पाठवलेल्या फसव्या मेलचे ९६ टक्के हल्ले अडले आणि नेमक्या माणसाला गाठून केलेले ७६ टक्के. फोनवर ‘तुम्हीच आहात का’ विचारणाऱ्या सूचनेने हेच आकडे १००, ९९ आणि ९० झाले. यूएसबीच्या सिक्युरिटी कीने तिन्ही ठिकाणी १००. मेसेज या रांगेत शेवटी आहे हे खरे, पण त्याच्यामागे काहीच नसणे त्याहून कितीतरी वाईट.

आणि काहीच नसण्याचे काय होते याचे उदाहरण अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, घालून दिले आहे. जुलै २०२३मध्ये त्यांच्या एक्सवरच्या खात्यात शिरायला अडचण येत होती म्हणून कर्मचाऱ्यांनी बहुस्तरीय पडताळणी बंद करून घेतली. ती पुन्हा चालू करायची राहून गेली. ९ जानेवारी २०२४ला त्या खात्याशी जोडलेला नंबर सिम बदलून चोरला गेला, पासवर्ड बदलला गेला आणि बिटकॉइनच्या फंडांना मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा जगभर गेली. बिटकॉइनचा भाव क्षणात हलला. कारण तेच होते, जे पनवेलच्या दुकानात सांगितले जाते: आत जायला त्रास होतोय, तेवढं बंद करा. शिवाय नंबर खात्याला चिकटलेलाच राहिला होता. म्हणजे संरक्षण गेले आणि धोका उरला. गैरसोयीपोटी पडताळणी बंद करणाऱ्या बहुतेकांची स्थिती अगदी हीच असते.

बँकेच्या बाबतीत आपल्याला फारशी निवड नव्हती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली आणि देशाला ओटीपीची सवय लागली. त्या सवयीने खूप लोकांचे पैसे वाचले, हे मान्य करायला हवे. पण आता तीच बँक पुढे सरकली आहे. सप्टेंबर २०२५च्या तिच्या निर्देशांनुसार एप्रिल २०२६पासून दोन टप्पे हवेतच, मात्र ते मेसेजनेच पुरे करावेत असे बंधन नाही. इतर साधनांना वाव दिला आहे. सिंगापूरच्या बँकांनी जुलै २०२४मध्येच, फोनमध्ये डिजिटल टोकन बसवलेल्या ग्राहकांसाठी लॉगिनचा ओटीपी टप्प्याटप्प्याने काढायचे ठरवले. ईमेलच्या बाबतीत मात्र निवड आपल्याच हाती आहे. आणि ईमेल ही बाकी सगळ्याची जननी. खरेदी, प्रवास, नोकरीचे अर्ज, कितीतरी सेवांचे विसरलेले पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते. ईमेल गेला की मागोमाग बाकीचे जाते.

मग मेसेजच्या जागी काय? जहाजावर जाणाऱ्यासाठी माझे उत्तर ठाम आहे: ऑथेंटिकेटर अॅप आणि कागदावर छापलेले बॅकअप कोड. ऑथेंटिकेटर दर ३० सेकंदांनी सहा आकडे दाखवतो. ते आकडे कुठून येत नाहीत, फोनच ते काढतो. पहिल्यांदा क्यूआर कोड स्कॅन करताना खात्याची आणि फोनची एक गुप्त खूण ठरलेली असते. ती खूण आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून आकडे निघतात. ही पद्धत २०११मध्ये खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाली, त्यामुळे एकाच कंपनीचे अॅप घ्यायला हवे असे नाही. तिला रेंज लागत नाही, सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही. कोकण रेल्वेच्या बोगद्यातही चालते आणि हिंदी महासागरातही. फोनचे घड्याळ मात्र बरोबर हवे. बंदरोबंदर वेळ बदलताना हाताने घड्याळ पुढे-मागे केले की कोड चुकतो. स्वयंचलित वेळ चालू असावी.

बॅकअप कोड म्हणजे गुगल एकदम देते ते आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. यांची किंमत लोकांना कळत नाही याचे मला वाईट वाटते. फुकट आहेत, कागदावर राहतात, फोन समुद्रात पडला तरी चालतात. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवणे निरर्थक. फोन गेला की तेही गेले. एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात, एक घरी कागदपत्रांच्या फाइलमध्ये.

घरी राहणाऱ्या, एकच स्मार्टफोन वापरणाऱ्या माणसाला मी आधी पासकी सुचवेन. गुगलने ती मे २०२३मध्ये आणली. बोटाचा ठसा किंवा स्क्रीन लॉकचा पिन दिला की काम झाले. तिचा मोठा गुण असा की ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब नकली पान समोर आले तरी पासकी त्याला उत्तर देत नाही. ऑथेंटिकेटरचे सहा आकडे मात्र नकली पानावर टाइप करता येतात, फोनवर सांगताही येतात. ही त्याची मर्यादा आहे आणि ती लपवता कामा नये. यूएसबीची सिक्युरिटी की सर्वांत भक्कम. गुगलने २०१७पासून आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना ती सक्तीची केली. पण ती विकत घ्यावी लागते आणि दोन घ्याव्या लागतात. व्यापारी, वकील, सीए यांनी घ्यावी. विद्यार्थ्याला आग्रह करण्यात अर्थ नाही.

आता क्रम. गुगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात आधी पासकी किंवा ऑथेंटिकेटर जोडायचा. मग बॅकअप कोड छापायचे. मग दुसऱ्या एखाद्या संगणकावर खाते उघडून नवा मार्ग खरोखर चालतो का ते पाहायचे. जुन्या फोनवरचे खाते तोवर उघडेच राहू द्यायचे. हे झाल्यावरच दोन टप्प्यांच्या पडताळणीत जाऊन तिथला फोन नंबर काढायचा. रिकव्हरी फोनचा विचार वेगळा करायचा. नंबर आपल्या नावावर आणि नेहमी चालू असेल तर तिथे तो राहू द्यायला हरकत नाही. सोडणार असाल तर बदलायचा. बदलल्यावर सात दिवसांपर्यंत गुगल जुन्या नंबरवरही कोड पाठवायची तयारी दाखवू शकते. म्हणून विमानाच्या आदल्या रात्री हे करायला बसू नये. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात तर सगळी जुनी सुरक्षा माहिती काढून नवी टाकली की ३० दिवस थांबावे लागते. ही दिरंगाई नाही. खाते चोरल्यावर चोर पहिल्यांदा नंबरच बदलतो, त्याला अडवायला हा अवधी ठेवलेला आहे.

ज्यांनी मेसेज बंद करू नये असेही लोक आहेत. साधा बटणांचा फोन वापरणारे, मुलाच्या लॅपटॉपवर महिन्यातून एकदा मेल पाहणारे आजी-आजोबा. त्यांच्यासाठी पंधरा वर्षे तोच, स्वतःच्या नावावरचा नंबर आणि मेसेजचा कोड ही व्यवस्था पुरेशी आहे; सोबत बॅकअप कोडचा कागद असला की झाले. ऑथेंटिकेटर नातवाच्या फोनवर बसवून देणे म्हणजे त्यांची अडचण नातवाच्या पुढच्या फोनखरेदीपर्यंत पुढे ढकलणे. आखातात किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांनी मात्र केवळ ईमेलसाठी भारतातले सिम जिवंत ठेवायची गरज नाही. बँकेसाठी लागत असेल तर गोष्ट निराळी.

या सगळ्यांत अवघड खाती मला वाटतात ती दुसऱ्याच्या नंबरवर उघडलेली. शिष्यवृत्ती, दाखले, सिडकोच्या घरांची सोडत, प्रत्येक ऑनलाइन अर्जाला ईमेल लागतो. ज्याचा नाही त्याचा सेवा केंद्रात बसल्याबसल्या उघडून दिला जातो, पासवर्ड केंद्रवाल्याच्या वहीत आणि नंबर कधी केंद्राचा, कधी शेजाऱ्याचा. उद्देश चांगला असतो. रांग मोठी असते. पण चार वर्षांनी तीच मुलगी नोकरीला लागते, तो ईमेल तिच्या सगळ्या कागदपत्रांवर गेलेला असतो आणि कोड येतो दुसऱ्याच्या फोनवर. तिने दुसरा टप्पा बंद करून भागणार नाही. पासवर्ड बदलायला हवा, रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दोन्ही स्वतःचे टाकायला हवेत, आणि कोणकोणत्या यंत्रांवर खाते उघडे आहे ती यादी पाहून अनोळखी यंत्रे बाहेर काढायला हवीत. हे काम केंद्रवाल्याशी भांडण न करता होते, पण खात्याला जोडलेला जुना नंबर चालू असेपर्यंतच होते. महापालिका आणि सेवा केंद्रांनी एवढा नियम पाळला तरी पुरे: ईमेल उघडताना अर्जदाराचाच नंबर, आणि निघताना बॅकअप कोडचा छापील कागद त्याच्या हातात. एका पानाची छपाई लागते.

खाते चोरीला गेलेच आणि पैसे हलले तर वेळ न दवडता १९३० हा क्रमांक लावायचा. पनवेल रायगड जिल्ह्यात असले तरी तक्रार नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्या ठाण्यात जाते. फोनचे नेटवर्क अचानक, कारण नसताना गेले तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला विचारायचे की आपल्या नंबरचे नवे सिम कुणी काढले का.

राहिला घरात कुणी गेल्यानंतरचा प्रश्न. वडिलांचा नंबर रिचार्जअभावी बंद होतो आणि त्याबरोबर ईमेलमधले विम्याचे, फ्लॅटच्या करारांचे, शेअर्सचे कागद कुलूपबंद होतात. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खाती गुगल डिसेंबर २०२३पासून काढून टाकू लागले आहे. खाते काही काळ निष्क्रिय राहिल्यास कुणाला काय द्यायचे हे आधीच ठरवायची सोय गुगलने २०१३पासून दिली आहे. मुदत तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत निवडता येते. ज्याला माहिती द्यायची त्याचा फोन नंबर तिथे नोंदवावा लागतो, कारण त्याची ओळख त्या नंबरवर कोड पाठवूनच पटवली जाते. मेसेज टाळायचा म्हटले तरी इथे तो टळत नाही. म्हणून तिथे बायकोचा किंवा मुलीचा, तिच्या स्वतःच्या नावावर असलेला नंबर द्यावा, आणि तिने नंबर बदलला की ही नोंदही त्याच आठवड्यात बदलावी.